अलॉय व्हीलवरचे तांबूस-काळे डाग शांपूने जात नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ठिपके पुढच्या दोन चाकांवर जास्त आहेत, घासून घासून हात दुखले तरी हलत नाहीत आणि वॉशिंग सेंटरवाला ‘ॲसिड मारतो, चकाचक होईल’ म्हणतोय. आधी एकच विनंती, त्याला ॲसिड मारू देऊ नका.

पुढच्या चाकांवरच जास्त, यावरून डाग कसला ते जवळजवळ कळतंच. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. आपल्याकडच्या अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक, म्हणजे बंद डब्यातले ब्रेक, असतात, त्यांची भुकटी बरीचशी आतच राहते. पुढे मात्र ब्रेकचा पॅड बिडाच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, उघड्यावर घासला जातो. त्यातून उडालेले लोखंडाचे तापलेले कण रिमवरच्या लॅकरमध्ये, म्हणजे पारदर्शक संरक्षक थरात, रुततात आणि पाणी लागलं की तिथेच गंजतात. म्हणजे गंज रिमचा नाही. रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, तिला असा तांबडा गंज चढत नाही. साबण वरची धूळ नेतो, रुतलेलं लोखंड नेत नाही.

यावर उपाय आयर्न रिमूव्हर. गाडीच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. बाटलीवर ‘पीएच न्यूट्रल’ (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलंय का बघून घ्या. चाक पूर्ण थंड हवं, गाडी सावलीत हवी. आधी साध्या शांपूने धुवा, पाणी निथळू द्या, मग फवारा. थोड्याच वेळात ठिपक्याठिपक्यातून जांभळे ओघळ सुटतात, कारण त्यातलं रसायन लोखंडाशी संयोग पावतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो येणारच. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा. बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा, मऊ ब्रशने नटांच्या खाचा आणि आऱ्यांच्या मागची बाजू घासा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. जुने डाग एका हातात जात नाहीत, दुसऱ्यांदा मारा. तारेची घासणी मात्र नको, लॅकरवर ओरखडे पडले की पुढची भुकटी आणखी घट्ट बसते.

जांभळं झालंच नाही तर डाग दुसरा आहे. नखाला उंचवटा लागणारा काळा चिकट ठिपका म्हणजे डांबर. त्यावर टार रिमूव्हर. घरात रॉकेल असेल तर फडक्याला थोडंसं लावून फक्त त्या ठिपक्यावर धरा, सुटलं की लगेच साबणाने धुवा. डिस्कला रॉकेल लागता कामा नये, ब्रेक धरणार नाही. पांढरट गोल डाग बहुधा बोअरच्या पाण्याच्या क्षारांचे असतात. पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून फडक्याने मिनिटभर लावा आणि धुवा. पण आयर्न रिमूव्हर आणि व्हिनेगर एकमेकांत मिसळू देऊ नका, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. शक्यतो वेगवेगळ्या दिवशीच वापरा.

लॅकरच्या आतून किड्याच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या असतील तर कोणतीही बाटली आणू नका. दगड किंवा फुटपाथ लागून लॅकर फुटलं, आत पाणी शिरलं आणि धातू खराब झाला, असं ते असतं. डायमंड कट, म्हणजे यंत्रावर कापून चकाकी आणलेल्या, रिममध्ये हे जास्त दिसतं. अशी रिम रिफिनिश करणाऱ्याकडेच, म्हणजे नवा थर चढवून देणाऱ्याकडेच, न्यावी लागते.

ॲसिडला माझा एवढा विरोध का? संडास साफ करायचं ॲसिड डागाबरोबर लॅकरही खातं आणि उघडा पडलेला ॲल्युमिनियम धुरकट होतो. ती चमक पॉलिशनेही पूर्ण परत येत नाही. काही स्वस्त व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. वॉशिंग सेंटरवर उघड्या हातांनी काम करणाऱ्या पोरांची मला तुमच्या रिमपेक्षा जास्त काळजी वाटते.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. ओल्या डिस्कवर रात्रभरात गंजाचा थर येतो, म्हणून जवळच हळू एक फेरी मारून दोन-चार वेळा ब्रेक दाबा. मग कोरड्या रिमवर व्हील सीलंट किंवा साधं कार वॅक्स लावा, पुढची भुकटी बरीचशी नुसत्या पाण्याने निघेल. आणि तुमचं घाटातून येणं-जाणं असेल तर उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये ठेवा. ब्रेक कमी तापतात आणि भुकटीही कमी उडते.