लूनर पूल नवीन लावलाय? मग आधी एवढंच बघ

अरे मस्त गेम निवडलास! पूलचा (बिलियर्ड्ससारखा, बॉल खड्ड्यात घालायचा) व्हिडिओ गेम, ८५ सालचा, कंपाइल या जपानी कंपनीचा, आणि एकूण ६० टेबलं (म्हणजे लेव्हल) आहेत म्हणून घाबरू नकोस, पहिली आठ-दहा नीट जमली की हात बसतो.

सगळ्यात आधी फ्रिक्शनला (म्हणजे टेबलावर बॉलला होणाऱ्या घर्षणाच्या सेटिंगला) हात लावू नको. तो आकडा बदलता येतो हे कळलं की प्रत्येक नवीन माणूस तो कमी करून बसतो, मग बॉल थांबतच नाहीत, बघायला धमाल येते पण शिकायला काही मिळत नाही (मी पण हेच केलं होतं, अख्खा रविवार घालवला).

दुसरं म्हणजे जोर. नवशिके दर शॉटला फुल पॉवर मारतात आणि पांढरा बॉलच खड्ड्यात जातो, म्हणजे एक लाइफ गेली. पॉवरचा पट्टा वरखाली होत असतो, घाई नको, एक-दोन फेऱ्या जाऊ दे आणि अर्ध्याच्या आसपास मार.

आणि हो, लागोपाठ तीन शॉट काहीच पडलं नाही तरी लाइफ जाते. म्हणून दोन हुकले की हिरोगिरी बंद, जो बॉल खड्ड्याच्या तोंडाशी आहे तोच घाल, भले नंबर कुठलाही असो.

निशाणा धरताना बॉलच्या मधोमध बघू नको, त्याच बॉलच्या, खड्ड्याच्या बरोब्बर विरुद्ध असलेल्या बाजूला, जिथे पांढरा टेकायला हवा तिथे बघ.

कुशनवरून (टेबलाच्या कडेवर आपटून) मारायचे शॉट, बोनस वगैरे नंतर बघू. वीसाव्या टेबलापर्यंत पोचलास की सांग.