गोळ्या चालू होत्या म्हणून भाऊ सुटेल का?

प्रश्न : वकीलसाहेब, आम्ही तासगाव तालुक्यातले. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, मधी त्यानं स्वतःच बंद केल्या. चुलते आपल्यावर करणी करतात असं डोक्यात धरून बसला आणि भर दुपारी रानात त्यांच्यावर कोयता चालवला. चुलते वाचले, पण हाफ मर्डरची केस लागलीय, भाऊ जेलमध्ये आहे. गावात म्हणतात वेड्याचं सर्टिफिकेट आणा, लगेच सुटतोय. खरंय का?
– एक बहीण

उत्तर : नाही ताई, नुसत्या सर्टिफिकेटवर कोणी सुटत नाही. आजाराचं नाव काय यापेक्षा कोर्ट हे बघतं की कोयता उचलला त्या वेळी भावाला आपण काय करतोय हे कळत होतं का, किंवा हे चुकीचं, बेकायदा आहे हे तरी कळत होतं का. पूर्वी हे आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसचं (तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं) २२, आतला अर्थ तोच. मूळ कसोटी १८४३ ची, लंडनला मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली त्या खटल्यानंतरची, तेव्हा आजच्यासारखा मानसोपचार होताच कुठं, पण आपण अजून तीच धरून बसलोय!

तुमच्या केसमध्ये अवघड जागा करणीची आहे. तुम्हाला वाटतं तो आजाराचा पुरावा, पण सरकारी वकील म्हणणार हाच तर राग, हेच कारण, आणि राग धरून मारणाऱ्याला कळत असतंच की. म्हणून आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं महत्त्वाचं. पळाला का, कोयता लपवला का, कपडे धुतले का, की तिथंच बडबडत बसून राहिला? २००२ साली महाराष्ट्रातल्याच एका पोलीस कॉन्स्टेबलला बायकोच्या खुनातून सुप्रीम कोर्टानं सोडलं, तिथं आधीपासूनचे उपचार, घटनेनंतर पाच-सहा महिन्यांत पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं ते, वडिलांनाही मानसिक आजार, मारण्याचं कारण फुसकं आणि दिवसाढवळ्या मारूनही लपायचा-पळायचा प्रयत्न नाही, हे सगळं एकत्र धरलं गेलं.

सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या बाजूवर, पण सरकारी पक्षाइतकी कडक नाही, शक्यता तुमच्याकडं झुकली तरी चालतं. केसपेपर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं गोळा करा, आणि त्या आठवड्यात त्याला बघितलेला शेजारी साक्षीला तयार होतो का बघा, कारण आत्ता तपासणारा डॉक्टर त्या दुपारचं फार काही सांगू शकत नाही.

आज तो केस समजण्याच्या, वकिलाशी बोलण्याच्या स्थितीत आहे का हा प्रश्न वेगळा. नसेल तर वकिलांनी कोर्टाला सांगावं, कोर्ट तपासणीला पाठवतं आणि खटला थांबतो, पण थांबला म्हणजे संपला नव्हे.

आणि निर्दोष सुटला तरी त्याच संध्याकाळी घरी येईल असं धरून चालू नका. कृत्य त्यानंच केलं असं कोर्टानं नोंदवलं तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३७४ खाली सुरक्षित ताब्यात ठेवायचा हुकूम होतो, नाहीतर जामीन घेऊन नातेवाइकाकडं देतात. त्याला घरी कोण सांभाळणार, गोळ्या कोण देणार आणि चुलत्यांचं घर किती लांब, हे आत्ताच बसून ठरवा.

वकील परवडत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, कोठडीतल्या माणसाला मोफत वकील हा हक्क आहे. त्याआधी चिठ्ठीची झेरॉक्स जेलच्या डॉक्टरांकडं पोचवा, आत गोळ्या चालू झाल्यात का ते बघा.