येझदी घेण्याआधी

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

साताऱ्यातली जुनी येझदी रोडकिंग मोटरसायकल तुझ्या मनात भरली आहे आणि कंपनीतली पोरं म्हणतात, येझदी घेऊ नको, कधी कुठं दगा देईल सांगता येत नाही. खरं काय मानायचं, असं तू विचारलंस. पोरं खोटं बोलत नाहीत. कुणी काकाला, कुणी मामाला येझदी ढकलत आणताना बघितलेलं असणार. पण ती ढकलायची वेळ का आली, हे त्यांतल्या एकानंही विचारलेलं नाही. जुन्या आणि जरा वेगळ्या गाडीच्या बाबतीत मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गाडीचं नाव खराब आहे हे कळून काही हाती लागत नाही. ते कुणामुळं खराब झालं, हे शोधायला हवं. कधी कारखान्यामुळं होतं, कधी मालकामुळं आणि पुष्कळदा मिस्त्रीमुळं.

येझदीचंच घे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या रचनेची जावा बनू लागली, पुढं तिचीच येझदी झाली, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच. शिवाय गिअर टाकताना पायाच्या दाबानंच क्लच सुटतो, हाताचा क्लच दाबला नाही तरी चालतं. आपल्याकडच्या मिस्त्रींचा हात बसला होता बुलेटवर आणि राजदूतवर. क्लच ॲडजस्ट करायचा एक स्क्रू असतो. तो अर्धा फेरा इकडचा तिकडं झाला की एक तर क्लच घसरतो, नाही तर न्यूट्रल सापडत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो थेट क्लच प्लेटा बदलतो, त्यानं भागलं नाही की गिअरबॉक्स उघडतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, गाडी पुन्हा तशीच, आणि गावभर होतं की येझदीचा गिअरबॉक्स नाजूक. माझ्या गॅरेजला ‘गिअरबॉक्स गेलाय’ म्हणून आलेल्या कितीतरी येझदी मी फक्त त्या स्क्रूवर परत पाठवल्या आहेत. गिअरबॉक्स भक्कम आहे, एवढं मी तुला छातीठोकपणे सांगतो.

दुसरी तक्रार इंजिन जाम होण्याची. ती खरी आहे, पण तिचं कारण समजून घे, कारण तुला घाटातून गाडी चालवायची आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. येझदीत ते आपण मोजून टाकीत घालायचं. लोक अंदाजपंचे घालायचे. जास्त झालं की धूर आणि सायलेन्सरमध्ये काजळी, कमी झालं की पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला. पण माप बरोबर असूनही पिस्टन पकडायची एक जागा आहे, ती म्हणजे घाटाचा उतार. पाचगणीहून पसरणी घाटानं वाईला उतरताना तू ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडलीस, तर इंजिन जोरात फिरत असतं पण पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. तापलेला पिस्टन सुकाच फिरत राहतो. म्हणून लांब उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा. चार-स्ट्रोक गाड्यांवर शिकलेल्या पोराला हे सांगावंच लागतं. ते न सांगता गाडी हातात दिली तर दोष गाडीला देता येणार नाही.

आता राजदूत ३५०. हिच्याबद्दल तू पुढच्या महिन्यात विचारशीलच, तरुण मुलं येझदीवरून तिकडं वळतातच. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये या नावानं इथं आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर आणि पहिल्या हाय टॉर्क मॉडेलला ३०.५ अश्वशक्ती. तिचं नाव खराब झालं ते मुख्यतः काळामुळं. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आली आणि लिटरला किती जाते, हा एकच प्रश्न घरोघरी उरला. त्या प्रश्नाला आरडीकडं उत्तर नव्हतं. त्यात तिच्या ऑइल पंपावर मिस्त्रींचा भरवसा नव्हता, म्हणून पंप काढून टाकायचे आणि ऑइल टाकीत ओतायचे. हवा-पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे कष्टही फार थोड्यांनी घेतले, मग एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडून त्याचा पिस्टन आधी पकडायचा. ब्रेकची तक्रार मात्र खरी. परदेशातल्या आरडीला पुढं डिस्क होती, इथल्या गाडीला ड्रम दिला. एवढ्या वेगाच्या गाडीला ते पुरेसं नव्हतं आणि त्यात मालकाचा किंवा मिस्त्रीचा काही दोष नाही.

उलटं उदाहरण डिझेल बुलेटचं, म्हणजे एनफिल्ड टॉरसचं. ३२५ सीसीचं इंजिन, साडेसहा अश्वशक्ती, वेग साठ-पासष्टच्या पुढं नाही. कागदावर बघशील तर अशी गाडी कुणी का घ्यावी असं वाटेल. पण तासगाव, पलूस, वाळवा भागात तिला मान होता, कारण असली डिझेल इंजिनं शेतकऱ्याच्या ओळखीची होती. पाणी उपसायला, जनरेटरला तीच. गाडी बंद पडली तर शहर गाठायची गरज नव्हती, गावातला इंजिनाचा मिस्त्री तिला तिथल्या तिथं चालू करायचा. हादरे एवढे की नट-बोल्ट दर आठवड्याला आवळावे लागायचे, पण आवळायचे असतात हे प्रत्येक मालकाला ठाऊक होतं. हीच गाडी मुंबईत चार दिवस टिकली नसती. गाडी भरवशाची आहे की नाही हे ती कुठं राहते यावर एवढं अवलंबून असतं, आणि शोरूमच्या कागदात ते कुठंच लिहिलेलं नसतं.

कारमध्येही हाच प्रकार. फियाटला म्हणजे पद्मिनीला लोक ‘घाटात तापणारी’ म्हणायचे. खंबाटकी चढताना उन्हाळ्यात बोनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट तुझ्या वडिलांनी बघितल्या असतील. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच लागून. तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढायचा थांबतो. ओलं फडकं पंपावर ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं, गाडी पुन्हा चालू. इंजिनाचा यात काही बिघाड नसतो. कॉन्टेसाचं वेगळं. १९८४ मध्ये ती आली तेव्हा एवढ्या अवजड गाडीत ॲम्बॅसडरचं दीड लिटरचं इंजिन होतं, चढावर तिचा जीव जायचा. पुढं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले आणि गाडीच बदलली, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही बदललं नाही. कॉन्टेसा म्हटलं की आधी कुठल्या इंजिनाची, हे विचारायचं. आणि स्टँडर्ड २००० म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. १९८५ मध्ये रोव्हरची देखणी बॉडी आणली आणि तिच्यात स्टँडर्डच्याच जुन्या व्हॅनगार्ड गाडीचं इंजिन घातलं. तिला मिळालेलं वाईट नाव तिनं स्वतः कमावलेलं आहे, ते पुसायच्या भरीस कुणी पडू नये.

पार्टांचं थोडक्यात सांगतो. २०२२ पासून मिळणाऱ्या नव्या येझदीचे इंजिनाचे पार्ट तुझ्या रोडकिंगला बसणार नाहीत, ते इंजिन सर्वस्वी वेगळं आहे. जुन्याचे पार्ट मात्र अजून मिळतात, कारण ही गाडी जपणारी माणसं पुष्कळ आहेत. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले एकत्र जमतात, त्या दिवशी तिथं जा आणि चांगला पिस्टन सेट कुठला, वाईट कुठला, हे विचार. बाजारात नकली माल फार आहे. बुश, पिन, स्पेसर असल्या वस्तू तर तुझ्या कुपवाडच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाला नमुना बघून करून देईल. लेथ आणि फाउंड्रीच्या एवढ्या जवळ राहणं हे जुनी गाडी ठेवणाऱ्याचं भाग्य आहे. झुंडॅपच्या रचनेची एनफिल्ड फ्युरी कुणी स्वस्तात देऊ केली तर मात्र हात जोड. गाडी चांगली, पुढं डिस्क ब्रेक वगैरे, पण जर्मनीतली मूळ कंपनी १९८४ मध्येच बुडाली आणि फ्युरीवाले इथं इतके थोडे की पार्टांसाठी विचारायचं कुणाला, हाच प्रश्न पडतो.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीनं मी थांबलो ती. मालकानं ही गाडी २०२० मध्ये सांगलीतल्या गावभागातून घेतली, असं तू सहज लिहून गेलास. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि गावभागात कित्येक दिवस पाणी होतं. त्यानंतर वर्षभर पुरात बुडालेल्या दुचाक्या धुऊन-पुसून, रंग मारून विकल्या गेल्या. मी दोष कुणाला देत नाही, ज्याचं घर पाण्याखाली गेलं त्याला पैशाची गरज होती. पण तू तपासल्याशिवाय हात पुढं करू नकोस. रंग आणि क्रोम बघू नकोस. हेडलाइटची काच काढ आणि आतल्या डब्याच्या तळाशी बोट फिरव. पुराचा गाळ बारीक आणि मऊ असतो, वाळला की पिठासारखा बोटाला लागतो, रस्त्याची धूळ तशी लागत नाही. मागच्या चाकाचा ड्रम उघडून बघ. सीटखालचा फोम दाबून वास घे. डायनॅमोचं झाकण काढ, तांब्याच्या तारांवर हिरवट बुरशी दिसली तर पाणी आत गेलं होतं. असं असलं तरी गाडी टाकाऊ होत नाही, पण क्रँक काढून बेअरिंगं बदलायचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

गाळ नाही मिळाला, तर पुढं क्रँकच्या ऑइल सीलकडं ये, म्हणजे क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या रबरी चकत्यांकडं. गाडी दहा मिनिटं चालव आणि धूर बघ. पहिल्या किकेला निळा धूर येणारच, तो विरळ झाला तर ठीक. धूर दाट होत गेला आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी दिसलं, तर क्लचच्या बाजूचं सील गेलेलं आहे आणि इंजिन ते ऑइल ओढतंय. धूर नाही, पण ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचा आवाज चढाच राहतो, तर डायनॅमोच्या बाजूचं सील हवा ओढतंय. हे दुसरं जास्त वाईट. आत हवा जास्त म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, आणि पिस्टन पकडायला वेळ लागत नाही. कित्येक येझदी ‘इंजिन गेलं’ म्हणून भंगारात गेल्या, त्यांतल्या बऱ्याच फक्त या दोन रबरी चकत्यांपायी गेल्या.

पेट्रोलचं एक नवं दुखणं आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून ते जातं, उसाला त्यानं आधार मिळाला याचा मला आनंदच आहे. पण ही गाडी बनली तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या डोक्यात नव्हतं. जुनं रबर त्यात फुगतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते टाकीच्या तळाशी साचतं. घेतल्या घेतल्या पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर आणि कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल बदल. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग बघ, विटकरी-तपकिरी यायला हवा, पांढरा आला तर अजून मोठा घाल. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव. एवढं केलंस तर सोमवारी सकाळी किक मारत बसायची वेळ येणार नाही. ‘जुनी गाडी चालू होत नाही’ ही हल्लीची तक्रार मला बरीचशी याच पेट्रोलमुळं वाटते.

कागदांत हयगय नको. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो, तो कधीपासून थकलाय ते आधी विचार. आरसी मूळ मालकाच्या नावावर असून तो वारला असेल, तर गाडी आधी वारसांच्या नावावर झाली पाहिजे, ते तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमानं व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, पण ती रोज वापरता येत नाही, म्हणून तुझ्या कामाचं ते नाही. इंजिन आणि चॅसी नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घास आणि उमटलेले आकडे आरसीशी एक-एक करून जुळव. एखादा आकडा बाकीच्यांच्या ओळीत बसत नसेल, खोदल्यासारखा खोल असेल, तर भाव न करता परत ये.

आणि फोटोवर ॲडव्हान्स पाठवायचं मनातही आणू नकोस, पाण्यात म्हैस आणि वर मोल असला व्यवहार आपल्याला नको. रविवारी जायचं ठरलं तर मला शनिवारी फोन कर, मी बरोबर येतो. मालकाला मात्र आजच सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. इंजिन गार असताना पहिली किक मला मारायची आहे.

कळावे,
तुझा काका