‘टेस्ट करून सांगा, याला पण होईल का?’

घरात एकाला बायपोलर (कधी अति उत्साहाचा उन्माद, कधी उदासी असा मनाचा आजार) असला की लेकरांबद्दल हा प्रश्न येतोच. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलाची आई तर रिपोर्टच घेऊन आली. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) स्मरणशक्ती ‘सरासरीपेक्षा कमी’.

“मॅडम, याच्या पप्पाला हाच आजार. म्हणजे याला पण लागलाच ना?”

मुलाला विचारलं, चाचणीच्या आदल्या रात्री किती झोपलास?

“चार तास. पेपर होता.”

या चाचण्यांत १५ शब्द ऐकवून अर्ध्या तासाने आठवायला सांगतात, आकडे उलटे म्हणायला लावतात, कागदावरचे आकडे-अक्षरं आलटून-पालटून जोडायला लावून वेळ मोजतात. अपुरी झोप, धास्ती, उदासी, औषधं, कशानेही गुण घसरतात. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी अक्षरं दिली तर तेवढ्यानेच वेळ वाढतो. तीच यादी पुन्हा दिली तर सरावानेच गुण वाढतात. रुग्णांच्या नातेवाइकांचे सरासरी गुण थोडे कमी दिसतात खरे, पण त्यावरून एकट्या पोराचं भाकीत करता येत नाही. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलाला तो होण्याचा धोका साधारण ५ ते १० टक्के. शंभरातल्या उरलेल्या नव्वद-पंचाण्णवांना होत नाही, हे आईला दोनदा सांगावं लागलं.

पुढच्या एका भेटीत म्हटलं, पप्पांचं पहिल्यांदा बिघडलं त्याच्या आधीचे आठ दिवस सांगा.

“झोपतच नव्हते. रात्री दोनला मोटार चालू करायला शेतात, सकाळी एकदम ताजे. बोलणं सुसाट. उसने पैसे काढून बोअर घेतला...” ती थबकली. “हे तर मला तेव्हाच दिसत होतं की!”

याच वाक्याची मी वाट पाहत होते. तासाभराच्या चाचणीला न दिसणारं घरातल्या माणसाला रोज दिसतं. काय पाहायचं तेवढं शिकवावं लागतं.

रोज वहीत झोपायची वेळ, उठायची वेळ आणि दहापैकी तरतरी लिहायची. अभ्यासासाठी जागलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पेंगतो. चार तास झोपूनही थकवा नाही, वर बोलण्याचा वेग, खर्च, चिडचिड वाढलेली, असं सलग दोन-तीन दिवस दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. सुरुवात बऱ्याचदा उदासीने होते, तीही ऐन तरुणपणी. तेव्हा वडिलांचा आजार डॉक्टरांना आधी सांगा. नुसत्या उदासीच्या गोळीने उन्माद उसळू शकतो. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

वही मुलानेच लिहायची. आईने चोरून तपासायची नाही. रविवारी फोनवर दोघांनी मिळून वाचायची.