लग्नघरात रात्रीची फीट सांभाळताना

ताई, लग्न ठरलं, मनापासून अभिनंदन! भुसावळहून शहाद्याला जायचं, घर नवं, माणसं नवी, म्हणून धास्ती वाटणारच. पण तुला झोपेत फीट येते, तेव्हा आधी झोप सांभाळायची. जागरण आणि चुकलेली गोळी, फीट परत यायची ही दोन मोठी कारणं. हळदीची रात्र असो की श्रावणात सासरी कानबाई देवीचं जागरण, आरती झाली की सरळ आत जाऊन झोप. पाहुण्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

महिनाभराच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये ठेव, रुखवताच्या सामानात नको. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करणं, ही सुरुवातीची नेहमीची चूक. दुसरी लपवण्याची. नवऱ्याला लग्नाआधीच सांग. १९९९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातून 'फीट येत नसावी' ही लग्नाची अट काढून टाकली, तेव्हा तू मान खाली घालायचं कारणच नाही.

त्याला एवढं शिकव:
- फीट थांबली की कुशीवर वळवायचं. झटके येताना दाबून धरायचं नाही.
- तोंडात चमचा, पाणी काही घालायचं नाही. कांदा, चप्पल हुंगवायची नाही.
- घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर १०८.

आणि मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांना भेट. व्हॅल्प्रोएटसारखी फीटवरची गोळी गर्भाला बाधू शकते, पण ती बदलायची त्यांनीच. बाकीचं तू रुळलीस की विचार, मी सांगेन.