मेगावॉट आणि युनिट यांतला फरक

प्रश्न : एखाद्या देशाची निम्मी वीजनिर्मिती क्षमता कोळशाविना आहे असे वाचनात येते आणि त्याच देशाची बहुतेक वीज कोळशातून येते असेही सांगितले जाते. यातले खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण पहिले मेगावॉटचे आहे आणि दुसरे युनिटचे. एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट आणि एक किलोवॉट तासभर चालला की एक युनिट होते. स्थापित क्षमता म्हणजे संच पूर्ण ताकदीने चालवल्यास किती वीज देईल याचा आकडा. निर्मिती म्हणजे त्याने वर्षभरात प्रत्यक्ष किती दिली याचा हिशेब. वर्षाचे तास ८,७६०. एक मेगावॉटचा संच अखंड चालला, तर ८७.६ लाख युनिट मिळतात. अणुवीज केंद्र त्याच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचू शकते, पण सौर प्रकल्पाच्या वाट्याला रात्रही येत असल्याने तो भरपूर उन्हाच्या प्रदेशातही साधारण २० टक्क्यांवर, म्हणजे १७-१८ लाख युनिटांवर थांबतो. म्हणून मी आधी युनिटांचा तक्ता पाहतो आणि वाचकांनीही तसेच करावे, असे मला कळकळीने वाटते.

दुसरी अडचण वेळेची आहे. वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी पुरवावी लागते. दिवस मावळताना सौर वीज उतरत असते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. पुरवठा अपुरा पडला की विजेच्या प्रवाहाची ५० हर्ट्झची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणारी ५० आवर्तने, ४९.९, ४९.८ अशी घसरू लागते आणि नियंत्रण कक्षाला काही सेकंदांत दुसरा स्रोत उभा करावा लागतो. वेल्समधील दिनॉर्विगचा उदंचन प्रकल्प (१९८४) याच कामासाठी डोंगराच्या पोटात बांधलेला आहे. मागणी कमी असताना तेथे पाणी वरच्या तलावात चढवून ठेवतात आणि गरज पडताच ते टर्बाइनवर सोडतात. आता मोठ्या बॅटऱ्याही हा भार उचलू लागल्या आहेत.

कोळसा खरोखर हटू शकतो, याचा दाखला ब्रिटनने दिला आहे. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील शेवटचे केंद्र बंद झाले. २०१२ सालीही तेथील सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचा वेग कळतो. ती जागा पवनऊर्जेने भरलीच, पण नैसर्गिक वायूचा आणि घटलेल्या मागणीचाही त्यात मोठा हात आहे. तो वगळून केवळ पवनचक्क्यांचे कौतुक करणे मला पटत नाही.

शिवाय जगात अंतिम वापरातील ऊर्जेपैकी वीज जेमतेम एक पंचमांश आहे. उरलेला वापर मुख्यतः वाहनांचे इंधन आणि कारखान्यांतली व घरांतली उष्णता यांचा. नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी पाण्यापासून आणि वाऱ्यापासून येते, तरी तेथील अवजड मालमोटारी आणि जहाजे अजून बहुतांशी डिझेलवरच चालतात.