रोज चालवायच्या परफॉर्मन्स गाडीला हलका स्टार्टर कोणता निवडावा?

तुमचा प्रश्न असा, की गाडी रोजच्या वापरात आहे, इंजिनचं कॉम्प्रेशन वाढवलंय, हेडर (एक्झॉस्टचे खास पाइप) बसवलेत. सकाळी गाडी छान सुरू होते, पण तापलेली गाडी दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सेल्फ मारला की तो रेंगाळतो, कधी नुसताच 'कट्' असा आवाज येतो. वजनही कमी करायचंय, म्हणून लाइटवेट स्टार्टर घ्यायचा विचार आहे.

घ्या, पण वजनासाठी घेऊ नका. तापलेलं इंजिन हमखास फिरवणारा स्टार्टर निवडा, वजन आपोआप कमी होईल.

वजनाचं आधी उरकतो. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) शाफ्टवरच पिनियन, म्हणजे फ्लायव्हीलची दातेरी रिंग फिरवणारं छोटं चाक, असलेला जुन्या पद्धतीचा डायरेक्ट ड्राइव्ह स्टार्टर मोठ्या इंजिनवर ८ ते १० किलोपर्यंत भरतो. तेच काम करणारा, मध्ये वेग कमी करणारा गिअर असलेला गिअर रिडक्शनचा स्टार्टर ३.५ ते ५ किलोत बसतो. हाती लागतात चार-पाच किलो. इंजिन चालू असताना स्टार्टर फिरत नाही, त्यामुळे हलक्या फ्लायव्हीलने जसा इंजिनचा उठाव बदलतो तसं इथे काही होत नाही. शिवाय गाडी गेल्या वीस-एक वर्षांतली असेल तर कंपनीनेच तिला परमनंट मॅग्नेटचा गिअर रिडक्शन स्टार्टर दिलेला असण्याची दाट शक्यता आहे. मग बाजारातला 'लाइटवेट' घेऊन फारसं काही वाचणार नाही. नुसतं वजनच कमी करायचं असेल तर बॅटरीकडे बघा, तिथे याच्या दुप्पट वाचतं.

आता मुख्य मुद्दा, उष्णता. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, हवाही थांबते, आणि हेडरची सगळी धग शेजारच्या स्टार्टरमध्ये मुरते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सोलेनॉइड म्हणजे पिनियन पुढे ढकलून मोटरला करंट जोडणारा विद्युतचुंबकी स्विच. त्याची कॉइल २० वरून १०० अंशांवर गेली तर तिचा रोध जवळजवळ ३१ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजवर तिच्यातला करंट पाऊण भागावर येतो. तेवढ्या करंटमध्ये प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता दांडा) पुरता आत ओढला गेला नाही तर तुम्हाला ऐकू येतो तो 'कट्' येतो आणि पुढे काहीच होत नाही. प्लंजर आत गेलाच, तरी मोटरच्या वाइंडिंगचंही तेच झालेलं असतं. वाढवलेलं कॉम्प्रेशन त्यात भर घालतं.

गिअर रिडक्शन इथे खरं उपयोगी पडतं. मोटर आणि पिनियनच्या मध्ये साधारण ३.५ ते ४.५ पटींचा गिअर असतो. छोटं आर्मेचर खूप वेगाने फिरतं आणि गिअर त्याचा टॉर्क वाढवतो. क्रायस्लरने १९६२ मध्ये ३.५ पटींचा असा स्टार्टर गाड्यांना लावला, म्हणजे ही रेसिंगवाल्यांची नवी टूम नाही. करंट कमी ओढला जातो, त्यामुळे बॅटरीचं व्होल्टेज कमी घसरतं आणि सोलेनॉइडला जास्त मिळतं. मोटर आकाराने लहान, त्यामुळे हेडरपासून अंतरही मिळतं. माझ्या मते हे अंतरच तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे. काही स्टार्टरचा माउंटिंग ब्लॉक बोल्टच्या वेगवेगळ्या भोकांवर फिरवून बसवता येतो आणि सोलेनॉइड एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला नेता येतो. दोन स्टार्टरमध्ये बाकी सगळं सारखं असेल तर डोळे झाकून असा ब्लॉकवाला घ्या.

मात्र काही विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर काढा. गाडी पूर्ण तापवा, दहा मिनिटं बंद ठेवा. इंजिन पेट घेणार नाही अशी सोय करा, म्हणजे फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. एक प्रोब बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी स्टार्टरच्या जाड केबलच्या बोल्टवर. प्रोब लगवर (केबलच्या टोकाच्या कडीवर) नाही, बोल्टच्या धातूवरच टेकवा, नाहीतर गंजलेला सांधा मोजायचा राहून जातो. सेल्फ फिरत असताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष केबलमध्ये किंवा सांध्यात आहे. मग बॅटरीच्या मायनस खुंटीपासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत मोजा, तिथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. बॅटरी डिकीत हलवलेली असेल तर इथेच गोम सापडते. नवा स्टार्टर बसवूनही तशीच रेंगाळणारी गाडी मी बघितली आहे. तिला शेवटी इंजिन ते चासी अशी जाड अर्थिंग पट्टी हवी होती. सोलेनॉइडच्या बारीक वायरवरही व्होल्टेज बघा. इग्निशन स्विचमधून लांबून येणारी ती वायर जुनी झाली की बरंच व्होल्टेज वाटेतच खाते. एक रिले टाकला की ते दुखणं जातं.

एवढं तपासूनही तक्रार राहिली, तर निवडीकडे या.

जाहिरातीतला किलोवॅटचा आकडा एका ठरावीक व्होल्टेजवरचा आणि ठरावीक वेगावरचा असतो. त्यापेक्षा टॉर्क किती आणि तो कोणत्या कॉम्प्रेशनपर्यंतच्या इंजिनसाठी सांगितलाय ते बघा, आणि तुमच्या इंजिनपेक्षा थोडा वरचा घ्या. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मोजून घ्या, नुसत्या मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नका. शेव्हरलेच्या स्मॉल ब्लॉकसारख्या एकाच इंजिनवर १५३ आणि १६८ दातांच्या दोन्ही रिंगा येतात आणि बोल्टची मांडणी बदलते. हलकं फ्लायव्हील बसवलेलं असेल तर हे आणखीच महत्त्वाचं.

रोजच्या गाडीत माझं सर्वात जास्त लक्ष एका न दिसणाऱ्या भागाकडे असतं, तो म्हणजे ओव्हररनिंग क्लच. इंजिनने पेट घेतला की पिनियनला मोटरपासून मोकळं करणारा तो हा. हिशेब करून बघा. रिंग आणि पिनियनच्या दातांचं प्रमाण १५ धरलं आणि इंजिनने पेट घेऊन १००० आरपीएम पकडले, तर रिंग पिनियनला १५,००० आरपीएमने पळवते. क्लच सुटला नाही तर ४ पटींच्या गिअरमागचं आर्मेचर ६०,००० कडे धावेल आणि त्याची वाइंडिंग उखडून बाहेर येईल. दिवसाला चार वेळा गाडी सुरू केली तरी वर्षाला हा प्रसंग जवळजवळ १,४६० वेळा येतो. ट्रॅकवरच्या गाडीला इतक्या वेळा सेल्फ लागतच नाही. त्यामुळे रेसिंगसाठी अगदी कमीत कमी वजनाचा बनवलेला स्टार्टर तुम्ही टाळा. डेन्सो, हिटाची, मित्सुबिशी, बॉश अशा गाडी कंपन्यांना पुरवठा करणाऱ्यांच्या मूळ ढाच्यावर बनलेला आणि ब्रश, क्लच, सोलेनॉइडचे काँटॅक्ट सुटे मिळणारा घ्या. दोनशे ग्रॅम जास्त गेले तर जाऊ द्या.

परमनंट मॅग्नेटच्या स्टार्टरची दोन पथ्यं आहेत. अडकला म्हणून त्याला हातोडीने ठोकू नका. मॅग्नेटऐवजी तारेची वेटोळी असलेल्या जुन्या फील्ड कॉइलवाल्याला ते चालून जायचं, इथे आतलं फेराइट मॅग्नेट तडकतं. दुसरं वायरिंगचं. जुन्या फोर्डसारख्या गाड्यांत सोलेनॉइड बाहेर, बॉडीवर असतो. तिथे नवा स्टार्टर लावताना काही जण मोटरला जाणाऱ्या जाड केबलवरूनच छोटी पट्टी मारून सोलेनॉइडला सप्लाय देतात. किल्ली सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच जनरेटर होते, सोलेनॉइडला धरून ठेवते आणि पिनियन रिंगमध्ये रेंगाळतो. ट्रिगरची वायर वेगळी ओढा.

इंजिनचं मॅपिंग (कॉम्प्युटरमधलं सेटिंग) बदललेलं असेल तर सेल्फच्या वेळचा इग्निशन ॲडव्हान्सही, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते तेही, बघून घ्या. तो साधारण ५ ते १० अंशांत हवा; जास्त असला तर तापलेलं इंजिन उलटा झटका देतं आणि स्टार्टरचं ॲल्युमिनियमचं नाक तुटतं. स्टार्टर आणि हेडरच्या मध्ये पत्र्याची शील्ड लावा आणि दोन्हीकडे हवेला फट ठेवा.

रिंगचे दात, तापलेल्या गाडीवरचे दोन्ही व्होल्टेज आणि बॅटरी कुठे बसवली आहे एवढं कळवलंत, तर स्टार्टर खरंच बदलायला हवा का ते सांगता येईल.